पन्हाळ्याच्या तटाबरोबर पोवाडाही जपा

जुलै २०२५ मध्ये शिवकालाशी निगडित बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत आपला पन्हाळाही आहे. आता तटबंदी, अंबरखाना, तीन दरवाजा यांच्या डागडुजीकडे अधिक लक्ष जाईल, आणि जायलाच हवे. पण पन्हाळा लोकांच्या मनात उभा आहे तो केवळ दगडांमुळे नव्हे. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून १६६० च्या जुलैत महाराज निसटले, हा इतिहास. शत्रूपुढे उभ्या ठाकलेल्या शिवा काशीदच्या तोंडचे करारी बोल ही शाहिरांची देणगी. हा दुसरा पन्हाळा दुरुस्त करायला गवंडी मिळत नाही. म्हणून जिल्ह्यातील पोवाडे, ओव्या आणि दंतकथा यांची गावोगाव नोंद करणे हे किल्ल्याच्या डागडुजीइतकेच निकडीचे काम आहे.

यावर पहिला आक्षेप शाहू महाराजांच्या नगरीला साजेसा येईल: दंतकथा जपणे म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालणे. त्र्यंबोलीची कथा घ्या. कामाक्ष दैत्याने देवांची मेंढरे केली, त्र्यंबोलीने त्यांना सोडवले, पण विजयाच्या सोहळ्यात तिलाच बोलवायचे राहिले. ती रुसून टेकडीवर जाऊन बसली. म्हणून ललितापंचमीला अंबाबाई लवाजम्यासह तिची समजूत काढायला जाते आणि तिथे कोहळा फुटतो. आषाढात पंचगंगेचे नवे पाणी कलशांतून ‘पी ढबाक्’च्या तालावर त्याच टेकडीवर पोचते. हे खरे मानायला कुणी सांगत नाही. मानपान, रुसवा आणि पावसाचे पाणी यांचा कोल्हापूरकरांनी कसा मेळ घातला, ते या कथेतून कळते. उलट कथा कथा म्हणून नोंदली, तरच ती इतिहास म्हणून गळ्यात मारता येत नाही.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरच्या कॉर्नवॉलचा दाखला इथे उपयोगी पडतो. तिथल्या जुन्या खाणींचा परिसर २००६ मध्ये जागतिक वारसा ठरला. पण रॉबर्ट हंट यांनी तिथल्या लोककथांचा संग्रह १८६५ मध्येच छापला होता. त्याच कॉर्नवॉलमध्ये रॉबर्ट हॉकर या कवीने निनावी छापलेले वीरगीत जुने लोकगीत समजले गेले आणि वॉल्टर स्कॉटसारखा जाणकारही फसला. गीत कुणाचे, कुणाकडून आले, हे टिपून ठेवले नाही की जाणत्यांचीही अशी गत होते.

दुसरा आक्षेप असा की, कॉर्निश भाषा बोलणारे उरले नाहीत म्हणून तिथे धावपळ झाली. मराठीला कसली भीती? भाषा जिवंत असली तरी गाण्याचे निमित्त मरते. पिठाची गिरणी आली, जाते अडगळीत गेले आणि पहाटेची ओवी थांबली. मोबाइलवर सगळे सापडते म्हणावे, तर गायिकेचे नाव, गाव आणि प्रसंग नसलेली चित्रफीत उद्या काहीच सांगणार नाही.

हे काम आवाक्याबाहेरचेही नाही. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाडे संग्रहित करून छापले. सरोजिनी बाबर यांनी राज्य लोकसाहित्य समितीमार्फत संग्रहांमागून संग्रह काढले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, त्याही गाणाऱ्या बायांच्या नावा-गावांसह. लहरी हैदर आणि पिराजीराव सरनाईक यांच्या कोल्हापूरला शाहिरीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. शिवाजी विद्यापीठाने मराठीच्या विद्यार्थ्यांना आपापल्या गावची एक कथा, एक गीत, सांगणाऱ्याच्या नावासह नोंदवण्याचे काम द्यावे. ग्रामपंचायतींच्या वाचनालयांनी त्याची प्रत ठेवावी. वाचकांनी तेवढीही वाट पाहू नये. घरात ओवी येणारी आजी असेल, तर तिचा आवाज तिच्या नावा-गावासकट आजच टिपून ठेवावा.