आधी पाणी, मग बदक

पावसाळा सुरू झाला की माझ्याकडे दोन प्रकारची विचारणा होऊ लागते. पहिली बंगळुरूतील एखाद्या मराठी कुटुंबाची: "मुलांसाठी बदकाची दोन पिल्ले आणावीत म्हणतो, काय तयारी लागेल?" दुसरी महाराष्ट्रातील शेतकऱ्याची: "मॅडम, गोगलगायींवर बदके सोडली तर चालतील का?" २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव परिसरात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. तेव्हापासून हा दुसरा प्रश्न अधिक ऐकू येतो. दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर एकच असते: बदक अवश्य पाळावे, परंतु आधी पाण्याची, खाद्याची आणि विष्ठेची व्यवस्था करावी व मगच पिल्ले आणावीत. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा असतो आणि त्याची किंमत पिल्लांना मोजावी लागते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी घरी आणलेली चार दिवसांची तीन पिल्ले मुलीच्या आग्रहाखातर मी टबात पोहायला सोडली. बदक म्हटले की पाणी, हा माझाही समज होता. संध्याकाळपर्यंत एक पिल्लू गारठून मेले. आईच्या पंखाखाली वाढणाऱ्या पिल्लाच्या पिसांना तिच्या अंगाचे तेल लागते. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला ते संरक्षण नसते आणि त्याची स्वतःची तैलग्रंथी अद्याप पुरेशी काम करीत नसते. कीटकांच्या जीवनचक्रावर व्याख्याने देणाऱ्या मला पक्ष्याच्या जीवनचक्राचा हा साधा नियम ठाऊक नव्हता.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३२ अंश सेल्सिअस कृत्रिम ऊब लागते. पुढे ती दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करीत न्यावी. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, आणि दिव्यापासून दूर पांगत असतील तर उष्णता अधिक आहे, असे समजावे. पिण्याचे भांडे इतकेच खोल असावे की पिल्लाला चोच आणि नाकपुड्या बुडवून धुता येतील, पण आत पडून भिजता येणार नाही. मोठ्या बदकाला मात्र संपूर्ण डोके बुडवता येईल इतके पाणी लागतेच. त्याविना डोळ्यांचे व नाकपुड्यांचे विकार जडतात. तळे असणे अनिवार्य नाही. पाणी रोज बदलणे अनिवार्य आहे.

येथे शहरवासीयांनी थोडा हिशेब मांडावा. तीन बदकांसाठी चाळीस लिटरचा एक टब रोज बदलायचा म्हटला तरी महिन्याला १२०० लिटर पाणी होते. २०२४ च्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या बंगळुरूकरांना हा आकडा निराळा समजावून सांगायला नको. हे पाणी झाडांना घालण्याची सोय असेल तर ते वाया जात नाही, उलट उत्तम खत ठरते. तशी सोय नसेल, तर बदक पाळण्याचा विचार पुढे ढकलावा. पाणी साचू दिले आणि बदकांनी त्याकडे पाठ फिरवली, की साधारण आठवडा-दहा दिवसांत त्यातून डासांची नवी पिढी बाहेर पडते. बदकाची विष्ठा पातळ असते. तिने ओले झालेले अंथरूण वेळच्या वेळी बदलले नाही, तर घरमाश्याही तितक्याच वेगाने वाढतात. बदक डासांच्या अळ्या खाते हे खरे, पण निष्काळजी मालकाच्या घरी तेच डासांचे आणि माश्यांचे निमित्त ठरते.

खाद्याच्या बाबतीत दोन गोष्टी विस्तार कार्यकर्त्यांनी आवर्जून सांगाव्यात. पहिली बुरशीची. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशीयुक्त भुईमूग पेंडीमुळे टर्की पक्षी हजारोंनी दगावले आणि त्याच शोधातून अफ्लाटॉक्सिन हे विष ओळखले गेले. बदकाची पिल्ले या विषाला कोंबडीच्या पिल्लांपेक्षा कितीतरी अधिक संवेदनशील असतात. पावसात भिजलेला मका किंवा कुबट वासाची पेंड "जनावरांना चालेल" म्हणून बाजूला ठेवण्याची आपली सवय येथे घातक ठरते. दुसरी गोष्ट नायसिन या जीवनसत्त्वाची. बदकाच्या पिल्लांची नायसिनची गरज कोंबडीच्या पिल्लांहून बरीच जास्त असते. केवळ कोंबडीच्या खाद्यावर वाढवलेली पिल्ले कधी कधी पायाने अधू होतात. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने खाद्यात यीस्ट मिसळल्यास ही उणीव भरून निघते.

आता गोगलगायींकडे वळू. बदक लहान गोगलगायी आवडीने खाते, यात शंका नाही. परंतु पूर्ण वाढलेल्या आफ्रिकन गोगलगायीचा शंख त्याला गिळता येत नाही. शिवाय गोगलगाय मुख्यतः रात्री बाहेर पडते आणि बदक त्या वेळी खुराड्यात बंद असते. त्याहून गंभीर बाब विषारी आमिषाची आहे. ज्या शेतात मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकल्या आहेत, तेथे बदके सोडणे म्हणजे त्यांना विष चारणे होय. आमिष किंवा बदक, यांपैकी एकच निवडावे लागते.

जैविक नियंत्रणाचा अभ्यास करणारी म्हणून मला आणखी एक भेद स्पष्ट करावासा वाटतो. पपईवरील पिठ्या ढेकणाने २००८ पासून दक्षिण भारतात हाहाकार माजवला. तेव्हा आज राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बंगळुरूच्या संस्थेने २०१० मध्ये पोर्टो रिकोहून असेरोफॅगस पपायी हा सूक्ष्म परोपजीवी कीटक आणला. तो नेमका त्या ढेकणालाच लक्ष्य करतो. बदकापाशी असा विवेक नाही. ते गोगलगाय खाते तसेच गांडूळ, कोळी, भक्षक भुंगेरे आणि पालकाची कोवळी पानेही खाते. जपानमधील शेतकरी ताकाओ फुरुनो यांनी १९८८ पासून भातशेतीत बदके यशस्वीपणे वापरली, ती वेळेचे काटेकोर बंधन पाळून. पुनर्लागवडीनंतर लहान पिल्ले सोडायची आणि ओंब्या बाहेर पडू लागताच त्यांना शेतातून काढून घ्यायचे, हा त्यांचा शिरस्ता आहे. म्हणजे बदक कीडनाशकाला थेट पर्याय होत नाही. ज्याचे वेळापत्रक आपण सांभाळायचे, असा तो एक सहकारी आहे.

सुरुवात तीन माद्यांनी करावी. बदक कळपाचा पक्षी आहे. एकटे ठेवलेले बदक खंगते. अंड्यांसाठी नराची आवश्यकता नसते. मात्र मोठा आवाज मादीचा असतो, नराचा नव्हे. म्हणून शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्यावे. अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल ही जात उत्तम. चांगल्या व्यवस्थापनात तिची मादी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. बहुतेक अंडी सकाळी नऊच्या आत पडतात, म्हणून तोवर त्यांना बाहेर सोडू नये. बंगळुरूजवळ हेसरघट्टा येथे केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे आणि बदक पैदासीचे कामही तेथे झालेले आहे. रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून रंगवलेली पिल्ले घेण्याआधी अशा संस्थेत चौकशी करावी.

आणि हौस फिटली म्हणून बदके तलावात सोडून देऊ नयेत. बंगळुरूच्या तलावांवर हळदी-कुंकू बदकांसारखे वन्य पक्षी असतात आणि हिवाळ्यात स्थलांतरित पाहुणेही येतात. बर्ड फ्लूचा विषाणू बदकाच्या शरीरात कधी कधी कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकतो. २००६ मध्ये नवापूरला कोंबड्यांत आणि २०१४ मध्ये केरळातील कुट्टनाड भागात बदकांत झालेले उद्रेक आपण पाहिले आहेत. म्हणून पाळीव बदके वन्य पक्ष्यांपासून दूर ठेवावीत, बदक प्लेगची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने टोचून घ्यावी आणि अचानक मरतूक दिसल्यास पशुसंवर्धन विभागाला तत्काळ कळवावे.

विस्तार कार्यकर्त्यांना माझी विनंती एवढीच आहे. कोणी बदक पाळण्याविषयी विचारले, तर जातीचे नाव सांगण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: रोजचे पाणी कोठून आणणार, वापरलेले पाणी कोठे सोडणार, आणि तुम्ही गावाला गेलात तर यांच्याकडे कोण पाहणार? तिन्हींची उत्तरे मिळाली, तर पिल्ले जरूर आणायला सांगावीत. माझ्या घरी त्या तीनपैकी उरलेल्या दोघी पुढे नीट वाढल्या. त्यांच्या टबातले पाणी आजही रोज सकाळी केळीच्या बुंध्याशी जाते.