माळेने न उतरणारी कावीळ

२८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन. 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू शोधणारे, १९७६च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी बरूच ब्लुमबर्ग यांचा हा जन्मदिवस. दरवर्षी फलक लागतात, भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी सारे विसरले जाते. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालातील आकडे विसरण्याजोगे नाहीत. २०२२ साली भारतात 'ब' विषाणूचे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि 'क' विषाणूचे सुमारे ५५ लाख बाधित होते, असा त्यातील अंदाज आहे. चीननंतर आपलाच क्रमांक लागतो. महासत्तेचे स्वप्न पाहणाऱ्या राष्ट्राला हा दुसरा क्रमांक भूषणावह नाही.

यातील बहुसंख्यांना आपण बाधित आहोत हेच ठाऊक नाही. हे विषाणू वर्षानुवर्षे यकृतात दडून राहतात आणि जलोदर वा कर्करोगाच्या रूपाने प्रकट होतात, तेव्हा हाती फारसे काही उरलेले नसते. मातेकडून अर्भकाला, दूषित रक्तातून, एकच सुई अनेकांना टोचल्याने हा प्रसार होतो. गुजरातमधील मोडासा परिसरात २००९ साली वापरलेल्याच सुया पुन्हा वापरल्या गेल्या आणि अनेकांना प्राण गमवावे लागले. पैशापुढे मनुष्यधर्म विसरला की काय घडते, याचा तो दाखला होय.

'अ' आणि 'ई' या काविळींचा मार्ग पाण्याचा. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेतून घेतलेल्या पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळले आणि सुमारे २९ हजार नागरिकांना कावीळ झाली. २०१२ साली इचलकरंजीत, २०१५-१६ मध्ये सिमल्यात हेच घडले. 'ई' प्रकार गर्भवतींच्या जिवावर बेततो. नदीला माता म्हणायचे, तिची आरती करायची आणि तिच्याच पात्रात गटार सोडायचे, ही विसंगती समाजाने किती काळ चालवून घ्यायची?

निराशेचे मात्र कारण नाही. परदेशी लस सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती, तेव्हा हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली 'ब' काविळीवरील स्वदेशी लस बाजारात आणली आणि किमती झपाट्याने उतरल्या. स्वदेशी ही केवळ घोषणा नव्हे, ती प्राण वाचवते, हे त्या प्रयत्नाने सिद्ध केले. आज ही लस सार्वत्रिक लसीकरणात समाविष्ट आहे. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. 'क' प्रकार तर औषधांनी बहुतेक रुग्णांत पूर्ण बरा होतो.

उणीव आहे ती समाजाच्या जागृतीची. आजही कावीळ 'उतरवण्यासाठी' गळ्यात माळ घातली जाते, चुन्याच्या पाण्यात हात धुतले जातात. 'अ' प्रकारची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय मांत्रिकाला मिळते. 'ब' आणि 'क' मात्र आत पोखरतच राहतात. निदानाला अग्रस्थान देणाऱ्या आयुर्वेदाच्या परंपरेशी या भोंदूगिरीचा काडीचाही संबंध नाही.

सारे शासनावर सोपवून चालणार नाही. नवजात बालकाला २४ तासांच्या आत लस मिळते ना, प्रत्येक गर्भवतीची रक्ततपासणी होते ना, सेवावस्तीतील नळाची वाहिनी गटारातून तर जात नाही ना, हे पाहणे प्रत्येक कार्यकर्त्याला शक्य आहे. आरंभ आपल्या घरापासून, आपल्या वस्तीपासून व्हावा. निरोगी समाज हाच समर्थ राष्ट्राचा पाया असतो.