मौनाला पारणं असतं



"असले सिनेमे घरात लावू नयेत, मुलं बिघडतात." हे वाक्य महिला मंडळात हल्ली इतक्यांदा कानावर येतं, की आज त्याला सरळ उत्तर द्यायचं ठरवलं आहे. असले म्हणजे कसले? दोन मुलगे लहानपणापासूनचे जिवलग असतात, त्यांच्यात मैत्रीपलीकडचं काहीतरी असतं आणि ते कुणीच बोलत नाही. माझं म्हणणं असं आहे, की या गोष्टींत घात प्रेम करत नाही, न बोलणं करतं. आणि तेच न बोलणं आपण घरोघरी मर्यादा म्हणून जपतो.

आधी सिनेमाबद्दल सांगते, कारण नावं ठेवणाऱ्या बहुतेकींनी तो पाहिलेलाच नाही. 'क्लोज' हा बेल्जियमचा चित्रपट. दिग्दर्शक लुकास डोंट. २०२२ साली कान महोत्सवात त्याला ग्रां प्री मिळालं. लेओ आणि रेमी १३ वर्षांचे. लेओच्या घरची फुलांची शेती आहे. दोघं त्या फुलांतून धावतात, एकमेकांच्या घरी झोपतात. आयांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. मग नवीन शाळा सुरू होते. वर्गातल्या मुली विचारतात, तुम्ही दोघं जोडपं आहात का? पोरं टोमणे मारायला लागतात. तेवढ्याने लेओ बदलतो. तो बर्फावरचं हॉकी खेळायला जातो, झोपताना दूर सरकतो, एके दिवशी रेमीसाठी न थांबता सायकल घेऊन पुढे निघून जातो. शाळेच्या आवारात रेमी रडत जाब विचारतो. लेओकडे उत्तर नसतं. त्यानंतर रेमी स्वतःचं आयुष्य संपवतो. पडद्यावर ते दाखवलेलं नाही. सहलीहून परतलेल्या लेओला बसमध्येच आईकडून कळतं.

ते प्रेम होतं का, होतं तर कुठल्या जातीचं, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. सबंध चित्रपटात आक्षेप घ्यावा असं एक दृश्य नाही. मग यात मुलं बिघडवणारं काय आहे? असलंच तर पोरांचे टोमणे आणि मोठ्यांचं लक्ष नसणं. त्यावर मात्र आपण बोलत नाही.

माझी तक्रार उलट बाजूने आहे. हा चित्रपटही रेमीच्या दुःखाला नाव देत नाही. त्याच्या मनात काय चाललं होतं, हे आपल्याला कधी कळतच नाही. अर्ध्यातच तो जातो आणि उरलेली गोष्ट लेओच्या अपराधी मनाची होते. शेवटी लेओ रेमीच्या आईला सांगतो, की माझ्यामुळे झालं, मी त्याला दूर लोटलं. दृश्य पाहून डोळे भरतात. पण कुणी एका कारणाने असं जात नाही, आणि १३ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर तो भार ठेवणं न्यायाचं नाही. नैराश्य हा आजार आहे. त्याला वेळेवर ओळखता येतं, त्यावर उपचार आहेत. समीक्षक ज्याला सुंदर मौन म्हणतात, त्यात ही साधी गोष्ट बुडून जाते.

आता आपल्या मराठीतला 'साबर बोंडं' पाहा. दिग्दर्शक रोहन परशुराम कानवडे. २०२५ च्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या कथाविभागात त्याला परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडील वारल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक सुतकातही लग्नाचा विषय सोडत नाहीत. तिथे त्याला बाळ्या, लहानपणचा मित्र, पुन्हा भेटतो. फरक एवढाच, की आनंदच्या आईला मुलाचं सगळं ठाऊक आहे आणि ती त्याच्या बाजूने उभी आहे. ती काही भाषण देत नाही. ठाऊक असणं आणि तरी जवळ असणं, एवढ्यावर तो मुलगा तगतो. साबर बोंडं म्हणजे निवडुंगाची फळं. वर काटे, आत लाल गोड गर. ज्यांना वाटतं हे सगळं परदेशी खूळ आहे, त्यांनी हे शेताच्या बांधावरचं फळ आठवावं.

"पण ऐकूनच किळस येते," असं एक मावशी म्हणाल्या. मावशी, दशलक्षणात आपण रोज एक याप्रमाणे तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय वाचतो. आठव्या दिवशीचा अध्याय यंदा नीट ऐका. मोहनीय कर्माच्या भेदांत नऊ नोकषाय येतात: हास्य, रती, अरती, शोक, भय, जुगुप्सा आणि तीन वेद. वेद म्हणजे इथे कामभाव. शरीराचं लिंग वेगळं आणि मनातला वेद वेगळा, हा भेद आपल्या आचार्यांनी शेकडो वर्षांपूर्वी केला. आणि जुगुप्सा, म्हणजे तुमची ती किळस, त्याच यादीत बसली आहे. नवराबायकोची ओढसुद्धा मोहच. मग एकाच्या मोहाला मांडव घालायचा, दुसऱ्याच्या मोहाला घराबाहेर काढायचं आणि आपल्या किळसेला धर्म म्हणायचं, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

दुसरं उत्तर मिळतं, "आपल्यात मौनाला महत्त्व आहे." आहे ना. पण मौन आपण स्वतः घेतो, नियम घेऊन, ठरलेल्या वेळेपुरतं. मौनाला पारणं असतं. धाकाने तोंड मिटलेल्या पोराला पारणं कुठलं? भाषा समिती जपून बोलायला सांगते, मुलाशी अबोला धरायला सांगत नाही. मनाला टोचून मारणं ही हिंसा नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी पाणी गाळताना एकदा थांबून विचार करावा.

आणखी एक गोष्ट आपल्याच घरांतली. मुलगा जेवत नाही, खोलीतून बाहेर येत नाही, आणि आपण कौतुकाने सांगतो, "उपवास चाललेत हो त्याचे." उपवास करणाऱ्याच्या चेहऱ्यावर शांती असते. दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदासी हटत नसेल, झोप बिघडली असेल, आवडीचं काही नकोसं झालं असेल, मरणाच्या गोष्टी निघत असतील, तर ते तप नव्हे, आजारपण आहे. सामायिक जरूर करा, पण डॉक्टरही गाठा. मधुमेहाला आपण नुसती जपमाळ देतो का? सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट आहे. मरणाचं बोलणं निघालं असेल तर त्याला एकटं सोडू नका.

मात्र डॉक्टरकडे आवड बदलायला नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी तिला गुन्ह्यातूनही मोकळं केलं. उपचार उदासीवर करायचे असतात.

आणि "लग्न करून द्या, ठीक होईल" म्हणणाऱ्यांना माझा शेवटचा प्रश्न. ज्या मुलीला तुम्ही त्या घरात पाठवाल, ती कुणाची? आपल्यातल्याच एखादीची लेक. तिला आयुष्यभर कळणार नाही, की आपलं काय चुकलं. एका मुलाचं गुपित झाकायला दुसऱ्या मुलीचा जन्म वापरायचा, याला कुठलं व्रत म्हणायचं?

मुलाने सगळं सांगावंच, असा आग्रह नको. तो त्याच्या वेळेने बोलेल. आपण फक्त एवढं करायचं, की अशा माणसांवरून घरात विनोद झाला तर हसायचं नाही, आणि मित्राचं येणं अचानक बंद झालं तर विचारायचं, "भांडलात का रे? तू बरा आहेस ना?" उत्तर काहीही आलं तरी ताट वाढायचंच.