पुण्याचं ‘बर्गर किंग’ आणि तुमचं इन्स्टा पेज : ट्रेडमार्कमध्ये तारीख का महत्त्वाची?

पुण्यात कॅम्प आणि कोरेगाव पार्कला ‘बर्गर किंग’ नावाचं एक जुनं हॉटेल आहे. त्याचा अमेरिकेच्या बर्गर किंगशी काही संबंध नाही. या नावावरून २०११ पासून कोर्टात वाद चालू आहे. बातम्यांमध्ये तो ‘छोटं हॉटेल विरुद्ध मोठी कंपनी’ असा रंगवला गेला. पण जे कोणी इन्स्टाग्रामवर केक, मसाले, टी-शर्ट विकतात त्यांच्यासाठी यातला खरा मुद्दा वेगळा आहे : नाव आधी कोणाचं, आणि ते सिद्ध कसं करणार?

आधी प्रकरण थोडक्यात

अमेरिकन कंपनी १९५४ ची. भारतात तिने हे नाव १९७९ मध्ये नोंदवलं, पण पहिलं दुकान उघडलं २०१४ मध्ये. पुण्याचं हॉटेल १९९२ पासून हे नाव वापरतंय असं मालकांचं म्हणणं. २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. कंपनीचं दुकान इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून पुण्यात हे नाव वापरात होतं, आणि ग्राहकांचा गोंधळ झाल्याचा पुरावा कंपनीने दिला नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

कंपनी अपिलात गेली. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या हॉटेलला हे नाव वापरायला मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली, मात्र उच्च न्यायालयातल्या अपिलाची सुनावणी थांबवली नाही.

सगळं भांडण तीन तारखांभोवती फिरतं : १९७९ ची नोंदणी, १९९२ चा वापर आणि २०१४ चं दुकान. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम ३४ मध्ये आधीपासून नाव वापरणाऱ्याला संरक्षण आहे. पण त्याचा वापर समोरच्याच्या वापराच्याही आणि नोंदणीच्याही आधीचा असावा लागतो. उलट बाजूने, नोंदवलेलं नाव पाच वर्षांहून जास्त काळ वापरलंच नाही, तर ते रजिस्टरमधून काढण्याची मागणी करता येते. म्हणजे नुसती नोंदणी पुरत नाही आणि नुसता वापरही पुरत नाही. दोन्ही हवं.

आमच्या घरातला अर्ज

माझी मावसबहीण कोथरूडला घरून मसाले आणि लोणची विकते. ऑर्डर व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयने. गेल्या वर्षी तिच्यासारख्याच नावाचं दुसरं पेज दिसलं आणि ती घाबरली. “दादा, आपण आत्ताच्या आत्ता अर्ज टाकू,” म्हणाली. लॅपटॉप घेऊन बसलो.

पहिलं काम सर्च. आयपी इंडियाच्या सरकारी साइटवर ‘पब्लिक सर्च’ फुकट आहे. नुसतं स्पेलिंग टाकून थांबू नका, उच्चाराने सारखी नावंही शोधा. इन्स्टा हँडल किंवा डोमेन मोकळं मिळालं म्हणजे ट्रेडमार्क मोकळा आहे असं अजिबात नाही.

दुसरं काम क्लास निवडणं. एकूण ४५ क्लास आहेत : १ ते ३४ वस्तूंचे, ३५ ते ४५ सेवांचे. मसाले ३० मध्ये, लोणचं २९ मध्ये आणि कॅफे काढला तर ४३. फी प्रत्येक क्लासला वेगळी. व्यक्ती, स्टार्टअप आणि छोट्या उद्योगाला ऑनलाइन ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. आम्हाला दोन क्लास लागले, म्हणजे ९,००० झाले. फॉर्मचं नाव टीएम-ए.

तिसऱ्या रकान्यात अडलो : हे नाव कधीपासून वापरताय? एका एजंटने फोनवर सांगितलं, “‘पुढे वापरणार आहे’ असं टाका, कागद लागत नाहीत.” सोपं होतं, पण त्यात तिची आधीची वर्षं अर्जातून गायब झाली असती. नंतर ती तारीख बदलून घेणं सोपं नसतं. जुना वापर दाखवायचा तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतात.

पुरावे शोधायला लागलो तेव्हा डोळे उघडले. सुरुवातीच्या सगळ्या जाहिराती व्हॉट्सॲप स्टेटसवर, म्हणजे २४ तासांत गेलेल्या. जुना फोन विकलेला. यूपीआयच्या नोंदीत पैसे दिसतात, पण तिच्या स्वतःच्या नावावर, ब्रँडच्या नाही. शेवटी कामी आलं ते लेबल छापणाऱ्याचं बिल! त्यावर ब्रँडचं नाव होतं आणि तारीखही. धंदा सुरू झाला त्यानंतर आठ महिन्यांची ती तारीख. आम्ही तीच टाकली. आधीचे आठ महिने खरे होते, पण कागदावर नव्हते.

तुम्ही आजपासून काय कराल?

- स्टेटससोबत तीच जाहिरात पेजवर पोस्टही करा. तिथे तारीख राहते.
- साधं का होईना, ब्रँडचं नाव छापलेलं बिल प्रत्येक ऑर्डरला द्या आणि पीडीएफ ड्राइव्हवर ठेवा.
- लेबल, पाकिटं, डोमेन, फूड लायसन्सचे कागद एका फोल्डरमध्ये ठेवा.
- ‘पुणेरी मसाले’सारखं नुसतं वर्णन करणारं नाव टाळा, त्यावर आक्षेप येतो.

अर्जानंतर तपासणी होते. आक्षेप आला तर उत्तराला एक महिना मिळतो. मग नाव जर्नलमध्ये छापलं जातं आणि चार महिन्यांत कोणीही विरोध करू शकतं. सगळं पार पडलं की नोंदणी १० वर्षांसाठी, पुढे नूतनीकरण. तोपर्यंत नावापुढे ‘टीएम’ लावा. वर्तुळातला ‘आर’ नोंदणीनंतरच, आधी लावणं बेकायदेशीर आहे.

पुण्यातल्या त्या हॉटेलचं काय होईल ते कोर्ट ठरवेल. पण १९९२ सालचा वापर २०११ नंतर कोर्टात दाखवावा लागतो, एवढं तरी या प्रकरणातून घ्या. तुमचा पहिला ग्राहक आज आला असेल तर त्याचं बिल आजच सेव्ह करा.