परळ की बार्शी?

गाठ कर्करोगाची असल्याचा अहवाल हाती आला की महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत पहिलं नाव निघतं ते परळच्या ‘टाटा’चं. 1941 साली सुरू झालेल्या या रुग्णालयाने तो विश्वास कमावला आहे. पण रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, कित्येकदा पाच-सहा आठवडे चालतं. लातूरच्या शेतमजुराला तेवढे दिवस मुंबईत काढायचे तर सोबतच्या माणसाचीही मजुरी बुडते, आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेलच असं नाही. त्याच्यासाठी बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय कितीतरी जवळ. विदर्भातल्यांना नागपूरचं तुकडोजी रुग्णालय. उपचार सगळीकडे सारख्याच दर्जाचे असावेत, यासाठी 2012 पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड देशभरातली केंद्रं जोडते आहे. म्हणून निदानाची खातरजमा आणि उपचारांचा आराखडा मोठ्या केंद्रात करून घ्यावा. केमो-रेडिएशन गावाजवळ होईल का, हे त्या मोठ्या केंद्रातल्याच डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. लहान मुलांचा किंवा दुर्मीळ कर्करोग असेल, तर मात्र अनुभवी केंद्रच गाठावं. निघताना बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक बरोबर घ्यावेत, आणि उपचारांचा खर्च उचलणारी सरकारी महात्मा फुले योजना कुठे लागू आहे, तेही आधीच विचारून ठेवावं.