‘फक्त गेम आहे’ म्हणून सुटका नाही

व्हिडिओ गेमला कला म्हणायचे का, असे विचारले तर आपल्याकडील बहुतेक आई-वडील हसतील. ज्याच्यापायी अभ्यास बुडतो, ताटातले जेवण थंड होते आणि ‘फक्त पाच मिनिटे’ म्हणता म्हणता मगरिबची नमाज कजा होते, त्याला सुलेखनाच्या आणि नक्षीकामाच्या पंक्तीत बसवायचे? तरीही हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, असे आम्हाला वाटते. त्याचे उत्तर आपण काय देतो, यावर घरातल्या मोबाइलकडे आपण कसे पाहणार हे ठरते.

अमेरिकेतील नामवंत चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २०१० मध्ये ठामपणे लिहिले की व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकत नाहीत. खेळाला नियम असतात, गुण असतात, हार-जीत असते; कलाकृती जिंकायची नसते, अनुभवायची असते, असा त्यांचा मुद्दा होता. त्यावर गदारोळ उठला. काही महिन्यांनी त्यांनी मान्य केले की स्वतः न खेळता असे बोलायला नको होते. पुढे २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १४ व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले. त्यांत ‘पॅक-मॅन’ आणि ‘टेट्रिस’ होते.

संग्रहालयाने शिक्का मारला म्हणून आपण मान डोलवावी असे नाही. खेळाची पारख कशी करावी याचा विचार आपल्याकडेही जुना आहे. शतरंज हिंदुस्थानातून इराणमार्गे अरबांकडे गेला. अब्बासी काळात बगदादमध्ये अस-सूलीसारखे नामांकित खेळाडू त्यावर ग्रंथ लिहीत होते आणि उलमांमध्ये त्याच खेळावरून मतभेद होते. हनफी फुकहांनी तो नापसंत केला. कोकणातील आपल्या अनेक कुटुंबांचा जो शाफई मसलक, त्यात काही अटींवर सवलत दिसते: पैज नको, नमाज चुकू नये, तोंडी वाईट शब्द नको. खेळ खेळणाऱ्याचे काय करतो, हे तपासण्याची ही रीत आजही उपयोगी आहे.

आता एक गेम पाहू. पोलंडमधील एका कंपनीने २०१४ मध्ये ‘धिस वॉर ऑफ माइन’ नावाचा गेम काढला. त्यामागे बोस्नियातील सारायेव्होच्या वेढ्याची आठवण आहे. १९९२ ते १९९६ या काळात हे शहर वेढलेले होते, डोंगरांवरून तोफा आणि बंदुका चालत होत्या आणि आत सर्वसामान्य माणसे, त्यांत मोठ्या संख्येने मुसलमान, पाणी आणि सरपणासाठी जीव मुठीत धरून बाहेर पडत होती. युद्धाच्या बहुतेक गेममध्ये आपण सैनिक असतो. इथे आपण पडक्या घरात लपलेली साधी माणसे असतो. दिवसा घराची डागडुजी करायची, रात्री अन्न आणि औषधे शोधायला निघायचे. एका घरात म्हातारे नवरा-बायको राहतात. त्यांच्याकडे अन्न आहे, औषध आहे. ते प्रतिकार करत नाहीत, फक्त विनवण्या करतात. आपल्या घरात माणूस आजारी आहे. आता चोरी करायची की रिकाम्या हाताने परतायचे?

चोरी केली तर गुण कापले जात नाहीत, पण चोरी करणारे पात्र खचून जाते. आणि ती चोरी लेखकाने किंवा दिग्दर्शकाने केलेली नसते, खेळणाऱ्याच्या बोटाने केलेली असते. कादंबरी वाचताना आपण साक्षीदार असतो. गेममध्ये आपण कर्ते होतो. नियत आणि अमल यांचा हिशेब ज्या दीनने शिकवला, त्याच्या माणसाला हा फरक समजावून सांगायला नको. ईबर्ट यांना खेळणाऱ्याची निवड हा दोष वाटला होता. आम्हाला तेच या कलेचे बळ वाटते. २०२० मध्ये पोलंड सरकारने हा गेम मोठ्या विद्यार्थ्यांच्या ऐच्छिक वाचनाच्या यादीत घेतल्याचे जाहीर केले.

दुसरा गेम छोटा आहे, पण त्याची हकिगत मोठी आहे. नाबलुसचे पॅलेस्टिनी प्रोग्रामर रशीद अबूईदा यांनी २०१६ मध्ये ‘लैला अँड द शॅडोज ऑफ वॉर’ हा गेम तयार केला. २०१४ च्या गाझा युद्धात एक बाप आपल्या कुटुंबाला वाचवायला धडपडतो, एवढीच गोष्ट. अॅपलने आधी तो ‘गेम’ या विभागात घ्यायला नकार दिला आणि बातम्या किंवा संदर्भ या विभागात टाकायला सुचवले. जगभरातून टीका झाल्यावर निर्णय फिरवला. बंदूक घेऊन शेकडो माणसे मारणे म्हणजे गेम, आणि मुलीला वाचवू पाहणारा बाप म्हणजे गेम नव्हे, अशी ही वाटणी होती. कला मानायचे की नाही हा वाद पोकळ नाही, तो यामुळेच. कुणाचे दुःख सांगण्याजोगे आहे, हेही त्यात ठरते.

आता उलट बाजू. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ मालिकेतील २००९ च्या एका गेममध्ये स्नानगृहाच्या भिंतीवर एक चित्र होते. त्याच्या चौकटीवर अरबीत एक हदीस होती, अल्लाहला सौंदर्य प्रिय असल्याची. मुसलमान खेळाडूंनी तक्रार केल्यावर २०१२ मध्ये कंपनीने माफी मागून तो भाग दुरुस्त केला. २०२१ मध्ये याच मालिकेतील नव्या गेममध्ये जमिनीवर कुरआनची पाने पडलेली दिसली आणि पुन्हा माफी मागावी लागली. ‘फक्त गेम आहे’ म्हटले असते तर यातले काहीच झाले नसते. चित्राला अर्थ असतो म्हणून तक्रार झाली, आणि अर्थ असतो म्हणूनच ती मानली गेली.

म्हणून आमचे म्हणणे असे: गेम ही कला होऊ शकते. कला म्हणणे म्हणजे मात्र चांगुलपणाचा दाखला देणे नव्हे. वाईट पुस्तके असतात, तसे वाईट गेमही असतात, आणि पुष्कळ असतात. मुलाच्या हातात कुठले पुस्तक आहे हे आपण पाहतो. मग गेम कुठला आहे हेही पाहायला हवे. ‘बंद कर ते’ एवढे ओरडून पालकाचे काम संपत नाही.

घरात तीन गोष्टी विचाराव्यात. हा गेम माझ्या मुलाच्या हातून काय करवून घेतो, आणि त्यात शत्रू म्हणून कुणाचा चेहरा दाखवतो? पैसे टाकून नशीब आजमावायला लावतो का? बंद पेटीत काय निघेल हे न सांगता पैसे घेणे जुगारासारखेच आहे. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगाराच्या कायद्यात बसवले. आणि तिसरे, अजान झाली की तो थांबवता येतो का? वर सांगितलेले दोन्ही गेम थांबवता येतात. जे गेम थांबूच देत नाहीत, त्यांच्यासाठी नमाजेनंतरची वेळ ठरवून द्यावी. शक्य तर अब्बांनी किंवा अम्मीने एकदा शेजारी बसून अर्धा तास स्वतः खेळावे. न खेळता दिलेला निकाल मुले मानत नाहीत.

आणि चित्र काढणारी, गोष्ट रचणारी, संगणकात रमणारी मुलगी किंवा मुलगा घरात असेल तर त्याला केवळ गिऱ्हाईक राहू देऊ नये. मलिक अंबरने खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, जमिनीखालून पाणी आणणारी नहर बांधली. तहानलेल्या शहराला पाणी पोहोचवायचे, उतार साधायचा, आधी कुठल्या मोहल्ल्याला द्यायचे ते ठरवायचे: यातून केवढा सुंदर गेम होईल! तो आपल्या मुलांनी केला नाही, तर आपल्या गोष्टी दुसरे कुणीतरी सांगेल, आणि कशा सांगेल ते वर पाहिलेच आहे.