स्क्रॅचपासून म्हणजे नेमकं कुठपासून?

"डोकं ठेवू की काढू, लव्ह?"

गेल्या शनिवारी सकाळी लीड्सच्या कर्कगेट मार्केटमध्ये मासेवाल्याने मला हे विचारलं. यॉर्कशरमधले दुकानदार सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणतात, त्यात मनावर घेण्यासारखं काही नसतं. मनावर घेण्यासारखा होता तो प्रश्न. समोर दीड किलोचा अख्खा हॅडक, मागे रांगेत तीन आज्या, आणि मी. रत्नागिरीचा, दात आल्यापासून मासे खाणारा आणि आयुष्यात एकही मासा स्वतः न कापलेला. घशाशी आलेलं 'काढ' गिळलं आणि म्हटलं, राहू दे.

हे का, ते सांगतो. पंधरा दिवसांपूर्वी ऑफिसात मी फुशारकी मारली होती की वीकेंडला फिश पाय केला, तोही 'फ्रॉम स्क्रॅच'. फिश पाय म्हणजे दुधाच्या पांढऱ्या सॉसमध्ये माशाचे तुकडे, थोडी कोळंबी, वर झाकण, आणि सगळं ओव्हनमध्ये. झाकण बहुतेक वेळा कुस्करलेल्या बटाट्याचं असतं. मला मैद्याच्या पारीचं आवडतं. बटाटा थापलेल्या गोष्टीला पाय म्हणायचं का, ह्यावर इथले लोक तावातावाने भांडतात. मी आपली बाजू निवडलेली आहे.

तर आमच्या टीममध्ये एकजण ग्रिम्सबीचा आहे. ग्रिम्सबी म्हणजे एके काळी जगातल्या सगळ्यांत मोठ्या मासेमारी बंदरांत गणलं जाणारं गाव. त्याने शांतपणे विचारलं, "मासा कुठला घेतलास?" मी म्हटलं, "मिक्स." इथे सुपरमार्केटमध्ये 'फिश पाय मिक्स' नावाचं पाकीट मिळतं. सामन, एखादा पांढरा मासा, थोडा धुरावलेला मासा. सगळं चौकोनी कापलेलं, ना काटा ना कातडी. पारीसुद्धा लाटून गुंडाळी केलेली आणली होती, हेही मी प्रामाणिकपणे सांगून टाकलं. तो म्हणाला, "म्हणजे तू बनवला नाहीस. असेंबल केलास."

दोन दिवस ते डोक्यातून जाईना, कारण खरं होतं. चार तयार लायब्ऱ्या जोडून 'सगळं मी लिहिलंय' म्हणणारा ज्युनियर मला भेटला असता, तर मीही त्याला सोडला नसता.

माझं मत असं आहे. पाकिटाला माझा विरोध नाही. मंगळवारी रात्री आठला घरी पोचलेल्या माणसाने पाकीट उघडावं, कुणाच्या बापाचं काही जात नाही. पण 'स्क्रॅचपासून' म्हणायचं असेल तर सुरुवात डोक्यापासून व्हायला हवी, म्हणजे माशाच्या डोक्यापासून. ही नीतिमत्तेची बात नाही, चवीची आहे. पाकिटात जे नसतं तेच पायला हवं असतं. डोकं, मधला काटा, कोळंबीची टरफलं. हे सगळं कांद्याबरोबर वीस मिनिटं मंद उकळलं की जो स्टॉक मिळतो, तो सॉसमध्ये पडल्यावर कळतं की आधीचा सॉस म्हणजे नुसती दुधाची खळ होती. वीस मिनिटंच हं, माशाचा स्टॉक जास्त उकळला तर कडवट होतो. कॉर्नवॉलमध्ये माउझल नावाचं कोळ्यांचं गाव आहे, तिथे 23 डिसेंबरला करतात त्या 'स्टारगेझी पाय'मध्ये तर माशांची डोकी पारीतून बाहेर काढून आकाशाकडे बघत ठेवतात. दिसायला भयंकर प्रकार. पण आत काय आहे हे तरी कोणी लपवत नाही!

घरी येऊन मासा ओट्यावर ठेवला आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. रत्नागिरीत दुपार टळत आली होती. तिने आधी फोन जवळ न्यायला लावला. "खांद्याजवळ काळा ठिपका कसला रे? खराब नाही ना?" हॅडकला तो असतोच, अंगठ्याच्या ठशासारखा. सेंट पीटरच्या अंगठ्याची खूण आहे अशी इथे आख्यायिका आहे. आईला आख्यायिकेत रस नव्हता. "कल्ले उघडून दाखव. लाल आहेत ना? मग झालं. आता पोट साफ कर." मी म्हटलं, पोट साफच आहे, हे मासे बोटीवरच साफ करतात. पलीकडे क्षणभर शांतता. मग हसू. "म्हणजे अर्धं काम कोणीतरी करूनच दिलंय की!"

झालं. आमचं स्क्रॅच तिथेच निम्म्यावर आलं.

पुढचा तास आठवायचा नाही असं ठरवलंय. खवले खिडकीच्या काचेपर्यंत उडाले. कल्ले ओढून काढायचे तर हात आत जाईना, म्हणजे मन जाईना. सुरी काट्याला घासून न्यायची असते हे आईने चार वेळा सांगितलं, पाचव्यांदा जमलं. दीड किलोच्या माशातून माझ्या हाती जेमतेम अर्धा किलो मांस आलं. मग कोळंबी. सोलून पाठीतला काळा दोरा काढताना डोक्यावरचं टोक बोटात घुसलं. आई लगेच म्हणाली, "हळद लाव."

लहानपणी रविवारी संध्याकाळी आईची बोटं पिवळी असायची. मला वाटायचं, स्वयंपाकाची हळद.

बोट दाबून धरलं होतं तेव्हा तिने सहज विचारलं, "इथे असताना कधी ओट्याजवळ आला नाहीस तो?" मी काहीच बोललो नाही. उत्तर तिला माहीत होतं आणि मलाही. ताईला आठवीत असतानाच कोळंबी सोलायला बसवलं. माझा क्लास असायचा. बाबांना तर क्लासही नव्हता. आमच्याकडचे पुरुष बांगडा ताजा की बर्फातला, ह्यावर तासभर बोलू शकतात. कल्ल्यात बोट कोण घालतं हा प्रश्न कधी निघालेला मी तरी ऐकला नाही. ग्रिम्सबीवाला मला 'असेंबल केलास' म्हणाला, आम्ही तर तेवढंही करत नव्हतो, डायरेक्ट युझर!

असो. पायकडे वळू.

थोडा धुरावलेला हॅडक हवाच. आपल्याकडे वांग्या-बटाट्यात चार सोडे पडले की अख्ख्या रश्श्याचा नूर बदलतो, तेच काम हा करतो. पिवळाजर्द मिळतो तो घेऊ नका, तो रंग धुराचा नसतो, लावलेला असतो. ग्रिम्सबीच्या पारंपरिक पद्धतीने धुरावलेल्या माशाला 2009 मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. हे मला कोणी सांगितलं ते सांगायला नकोच. 50 ग्रॅम लोणी, 50 ग्रॅम मैदा परतून त्यात 300 मिली दूध आणि 200 मिली स्टॉक थोडाथोडा घालायचा.

पारीचं गणित करंजीच्या बरोब्बर उलटं. करंजीला कडकडीत मोहन, इथे फ्रीजमधलं गार लोणी. 250 ग्रॅम मैद्याला 125 ग्रॅम, बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळहात लावायचा नाही. मुठीत मुटका वळला की तीन-चार चमचे बर्फाचं पाणी, गोळा करून अर्धा तास फ्रीजमध्ये. लोण्याचे बारीक कण तसेच राहिले तर पारी खुसखुशीत होते. पंधरा दिवसांपूर्वीची माझी पारी लगदा झाली होती, कारण गरम सॉसवरच ती अंथरली आणि लोणी ओव्हनआधीच वितळलं. ह्यावेळी सारण पूर्ण गार होईपर्यंत थांबलो. त्या वेळात काच पुसली. वाफेला मधोमध एक भोक, वरून अंडं, 200 अंशांवर चाळीस मिनिटं.

सकाळी दहाला निघालेला माणूस रात्री साडेआठला जेवला. पारी कडेला थोडी करपली होती. सॉस मात्र... आईला सांगायला शब्द सुचेनात, म्हणून नुसतं ताट दाखवलं. मागून बाबा म्हणाले, "ह्यात तिखट कुठाय?"

सोमवारी डब्यातून एक तुकडा ग्रिम्सबीवाल्याला नेला. त्याने खाता खाता तोंडातून एक काटा काढला, डब्याच्या कडेला ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि उरलेला तुकडा संपवला.

डिसेंबरात घरी जातोय. आईला सांगून ठेवलंय की एक दिवस मासे मी करणार, बाबांना बरोबर घेऊन. ती म्हणाली, बांगडे आणते. त्यांचं पोट कोणी साफ करून देत नाही.